सावलीत घेतलेले आकडे

शुक्रवार, १९ एप्रिल. आकाश निरभ्र. सकाळपासून झाडाचं पान हललेलं नाही. धाकटी सव्वाबाराला बाहेर पडली, पावणेचारला परत आली. दोन पेले पाणी, मग चहा. आज नेहमीसारखी गप्प नव्हती. कचेरीतून नकाशाचा कच्चा कागद आणला आहे. म्हणते, लाल वस्तीतून एक निळी रेघ निघाली. दुपारी पडदे धुतले, ते तासाभरात वाळले.

ही नोंद मी चहाचे कप विसळून झाल्यावर केली होती. त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाआधी तिच्याखाली आणखी सात ओळी लिहाव्या लागतील, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

धाकटी म्हणजे माझी नणंद. घरातली सर्वांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणायचे. सगळे एकेक करून गेले तरी नाव तेच राहिलं. आज ती सत्तावन्न वर्षांची आहे, मी चौऱ्याहत्तर. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या आणि तिची वेणी घालणं माझ्याकडे आलं. मला मूल झालं नाही, तिने लग्न केलं नाही. हे गेल्याला आता अकरा वर्षं होतील. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.

लहानपणी तिला एक खोड होती. बाहेर पडताना उंबऱ्यात थांबायची, डोळे मिटायची आणि तोंड इकडेतिकडे फिरवायची. "काय गं, काय शोधतेस?" असं विचारलं की म्हणायची, "वारा कुठून येतोय ते बघते." हे हसायचे. म्हणायचे, "हिला नोकरी वाऱ्यावरची लागणार." आणि लागलीही तशीच. हवामानाच्या कचेरीत चौतीस वर्षं तिने दुसऱ्यांनी घेतलेले आकडे वहीत उतरवले. अक्षर छापल्यासारखं, खाडाखोड नाही. एकदा कुठल्याशा ठाण्याहून सलग नऊ दिवस एकच आकडा आला, तेव्हा हिने तिकडच्या माणसाला पत्र लिहिलं होतं : आपण यंत्र पाहता की कालची वही? त्या माणसाची बदली झाली. कचेरीत हिचा दरारा होता तो असा. कोणाला ओरडून नव्हे.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या उष्म्याचा नकाशा करायचं काम निघालं आणि हिला तिथे पाठवलं. काम थोडक्यात असं. सगळं शहर सारखं तापत नाही. कुठे पत्रे, कुठे डांबर, कुठे वारा अडलेला. कुठे किती तापतं आणि वारा कोणत्या वाटेने आत येतो ते मोजायचं आणि नकाशावर रंगवायचं. मग लाल भागात झाडं, सावलीचे मांडव आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या द्यायच्या, आणि वाऱ्याच्या वाटेवर उंच इमारत होऊ द्यायची नाही. आभाळातून फोटो येतात, पण ते छपरांचा ताप सांगतात. माणूस उभा राहतो तिथला सांगत नाहीत. त्यासाठी कोणीतरी पायी हिंडायला हवं. कचेरीतली तरुण मंडळी संगणकावर बसली आणि हिंडायचं काम निवृत्तीला आलेल्या बाईकडे आलं. मी म्हटलं, "हे बरं आहे! उंटावरून शेळ्या हाकायच्या त्यांनी, आणि शेळ्यांमागे धावायचं तू." ती म्हणाली, "वहिनी, चौतीस वर्षं लोकांचे आकडे उतरवले. एकदा स्वतःचे घेऊ दे."

एक मार्चपासून ती रोज जात होती. रेल्वेच्या मालधक्क्यामागे पत्र्याच्या छपरांची मोठी वस्ती आहे, तिच्यात चौदा ठिकाणं ठरवलेली. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान प्रत्येक ठिकाणी थांबायचं, हातातलं यंत्र खांद्याच्या उंचीवर धरायचं. हातभर दांडी, तिच्या टोकाला वाऱ्याने फिरणाऱ्या तीन इवल्या वाट्या, खाली आकड्यांची काच. आकडा स्थिरावायला तीन मिनिटं लागतात. नियमही छापून दिलेला : उघड्यावर उभं राहावं, भिंतीपासून पाच पावलं दूर.

तिचे गुडघे सात-आठ वर्षांपासून गेलेले आहेत. तिने कचेरीत ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही की सांगितलंस का. रोज चारच्या सुमाराला ती यायची, पंख्याखाली पाय लांब करून बसायची, आणि चहा पिता पिता तुटक तुटक काहीबाही सांगायची. मी ते वहीत टिपायची. शाळेत सिस्टरांनी आम्हाला रोजनिशी लिहायला लावली होती : तारीख, हवा, घडलेलं, आणि स्वतःची स्तुती नको. तीच सवय. तिच्या पायांबद्दल, वस्तीतल्या माणसांबद्दल जे सांगेल ते मी लिहून ठेवायची. मला वाटायचं, ती थकली तर डॉक्टरांना सांगायला बरं.

तर त्या शुक्रवारी तिने कागद टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. शहर चौकोनाचौकोनांत वाटलेलं होतं. पिवळे, नारिंगी, लाल. मालधक्क्यामागचा भाग रसरशीत लाल असायला हवा होता. पण त्याच्या मधोमध एक वाकडीतिकडी फिकट निळी रेघ होती.

"ही माझी," ती म्हणाली. "थंड वाऱ्याची वाट. फोटोत दिसलीच नव्हती. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही चालला नसतात तर सापडली नसती."

"मग? पेढे... छे, पेढे कसले, आणखी एक कप चहा घे," मी म्हटलं. खरंच आनंद झाला होता मला.

तिने मग सांगितलं की गुरुवारी मोठी बैठक आहे. ही रेघ निघाल्यामुळे वस्तीचं नाव सावलीच्या यादीतून कमी होणार, कारण तिथे मुळातच हवा खेळती आहे. आणि वस्तीच्या पश्चिमेच्या तोंडाशी गाड्या ठेवायची आठ मजली इमारत अडली होती, तीही आता मंजूर होईल, कारण वारा मागच्या वाटेने जातोच आहे. साहेबांना अहवालात लिहायचं होतं की ही वाट पहिल्यांदा कोणत्या तारखेला जाणवली.

"आकडे आहेत माझ्याकडे. पण मला अमुक दिवशी गार वाटलं होतं, हे तुझ्या वहीत असेल. बघ ना जरा."

मी चष्मा लावला आणि वाचू लागले.

"मंगळवार, बारा मार्च. धाकटीचे गुडघे सुजले. पाचव्या ठिकाणी शिंप्याच्या पत्र्याखाली टेकली, तिथे बरं वाटलं म्हणाली."

"हं. पुढे?"

"पंधरा मार्च. सहाव्या ठिकाणी छापखान्याच्या बोळात उभी राहते, तिथे झुळूक असते. अठरा मार्च. आठव्याला धुलाईच्या दुकानामागे ओटा आहे, बसायला सोयीचा. एकवीस मार्च. लाकडाच्या वखारीच्या भिंतीला टेकून..."

मी थांबले. तिने कागदावर बोट ठेवलं होतं. पाच, सहा, आठ, अकरा. माझं वाचन थांबलं तरी तिचं बोट पुढे सरकत राहिलं. बारा. तेरा. चौदा. रेघ संपली.

पंख्याने कागदाचा मधला भाग फुगत होता आणि बसत होता.

"वहिनी," ती म्हणाली, "ही वाऱ्याची वाट नाही. मी जिथे जिथे दम खाल्ला ना, ती वाट आहे ही."

दमलेलं माणूस थांबतं कुठे? सावली असेल तिथे, झुळूक असेल तिथे. उन्हात मुद्दाम कोण टेकतं? यंत्र हातातच होतं. तीन मिनिटं थांबायचंच, तर तिथेच थांबू, असं एकदा झालं, मग दुसऱ्यांदा. नंतर पायांनीच ठरवून टाकलं आणि डोक्याला कळवलं नाही.

आता माझ्या वागण्याबद्दल लिहायला हवं. मी तिला गप्प राहा म्हणाले. शहाणपणाने नाही, घाबरून. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी म्हटलं, "तू खोटं कुठे लिहिलंस? यंत्राने दाखवलं ते लिहिलंस. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस? झाकली मूठ राहू दे."

"यंत्र खरंच बोललं. मी उभी चुकीच्या जागी होते."

"थोडं इकडेतिकडे होतंच गं. पाच पावलांनी काय आभाळ कोसळतं?"

"ते उद्या बघू," ती म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर. घड्याळ धरायला."

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी गेले. बाराला घरून रिक्षाने मालधक्क्यापर्यंत आणि मग पायी. मला चालायची सवय नाही आणि उन्हाची तर नाहीच. वस्तीत शिरलो तसा पत्र्यांचा झगझगाट डोळ्यांत घुसला. माणसं दारात पाणी शिंपडत होती आणि पाणी जमिनीवर पडेपर्यंतच काय ते पाणी होतं. हिला सगळे ओळखत होते.

"काय ताप बघणाऱ्या बाई, आमच्या गल्लीला आज किती?" शिंप्याने मशीन न थांबवता विचारलं.

"अजून काखेत लावायचाय."

"आणि या कोण? मोठ्या डॉक्टर?"

"माझी वहिनी."

"मग बसा, वहिनी. रोजची जागा आहे, पुसलेलीच असते." त्याने पत्र्याखालच्या बाकाकडे हात केला.

धाकटी बसली नाही. आधी बाकाजवळ उभी राहून तिने यंत्र धरलं. मी तीन मिनिटं मोजली. अडतीस पूर्णांक चार. वाट्या टुकूटुकू फिरत होत्या, कारण दुकान आणि शेजारचं घर यांच्यात हातभर फट होती आणि तिथून वारा येत होता. मग ती पाच पावलं बाहेर गेली, रस्त्याच्या मधोमध. वाट्या थांबल्या. तीन मिनिटांत तिच्या ब्लाउजची पाठ ओली झाली. एक्केचाळीस पूर्णांक सात.

"बाई, आज तिकडे का गेलात?" शिंपी म्हणाला. "तिकडे कुत्रंसुद्धा बसत नाही."

"तिथेच उभं राहायला हवं होतं मी. सात आठवडे."

त्याला काय कळायचं ते कळलं असावं. मशीन थांबवून तो म्हणाला, "माझी आई गेल्या उन्हाळ्यात गेली. आतल्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. वय तर आदल्या दिवशीही तेवढंच होतं." आणि मशीन पुन्हा चालू केलं.

परतताना रिक्षात मी झाकल्या मुठीबद्दल काही बोलले नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. आत जायचं मला काही कारण नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडं राहावं म्हणून त्याला वीट लावलेली होती. वाऱ्याचा नकाशा करणाऱ्या त्या खोलीत वारा म्हणून नव्हता. साहेब चाळिशीचे असतील. त्यांच्या शेजारच्या टेबलावर संगणकापुढे एक मुलगी होती, जिला धाकटी घरी नेहमी 'नकाशावाली' म्हणते. धाकटीने उभं राहूनच सगळं सांगितलं. चार वाक्यांत संपलं.

"बाई, तुम्हाला सावलीत बसायला कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"गुडघ्यांनी."

नकाशावाली हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. साहेब हसले नाहीत.

"गुरुवारी बैठक आहे. नकाशा वर गेलाय. तुम्हाला समजतंय का? चौतीस वर्षं नोकरी झाली तुमची."

"म्हणूनच आले."

"एकच ठिकाण चुकलं असेल तर आपण सरासरीत..."

"सात आहेत. चौदातले सात. तीच तर रेघ आहे, साहेब."

कागद उलटल्याचा आवाज आला. मग नकाशावालीचा, हळू : "सर, ते सात काढले तर रेघ जाते. पूर्ण जाते. मी आत्ता काढून बघितलं."

"कोणी विचारलं होतं तुला?"

"कोणी नाही, सर."

शेवटी ठरलं ते असं : बैठक सोळा मेपर्यंत पुढे ढकलायची. मार्चपासूनचे त्या सात ठिकाणांचे आकडे बाद. चौदा दिवस नव्याने मोजणी. दुसरं माणूस नाही. साहेब म्हणाले, "तुम्हीच घातलाय घोळ, तुम्हीच निस्तरा." त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच म्हटलं असतं, पण बाकावर बसून मला फार राग आला. बाहेर आल्यावर नकाशावाली पाण्याची बाटली घेऊन मागे धावत आली. "ताई, मी रविवारी येऊ का तुमच्याबरोबर?" धाकटी म्हणाली, "नको. तुझे आकडे माझ्यात मिसळतील. तू फक्त मी आणलेले बघ, आणि गोड वाटले तर विश्वास ठेवू नकोस."

तेवीस एप्रिल ते सहा मे. या चौदा दिवसांच्या माझ्या नोंदी फार छोट्या आहेत. लिहायला मी दमलेली असायची. पहिले तीन दिवस मी बरोबर गेले, मग शिंप्याच्या दुकानापर्यंतच जायची आणि ती परत येईपर्यंत तिथे बसायची. ती छत्री घेऊ शकत नव्हती, कारण छत्रीची सावली यंत्रावर पडते. डोक्याला ओलं फडकं बांधायची, ते सहाव्या ठिकाणापर्यंत कडकडीत व्हायचं. घरी आली की पायांवर पाणी ओतून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मी विचारलेलं तिला ऐकू यायचं नाही किंवा उत्तर द्यायचं त्राण नसायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, एवढं जिवावर उदार होऊन कोणासाठी?" ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "वहिनी, भांडायचं असेल तर चहानंतर."

नवव्या दिवशी ती शिंप्याच्या दुकानासमोर, बरोबर रस्त्याच्या मधोमध, डुलायला लागली. मी आत होते, मला आधी दिसलं नाही. शिंपी खुर्ची घेऊन धावला.

"बसा, बाई."

"किती झाली?"

"काय किती?"

"मिनिटं!"

मी दारातून घड्याळ बघितलं. "दोन. आणि वर थोडी."

"मग अजून नाही."

शिंपी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून तिच्यामागे उभा राहिला. तिने मान न वळवता त्याला सांगितलं, "जरा मागे सरका. तुमची सावली पडतेय." तो मागे सरकला. आजूबाजूच्या दारांतून माणसं बघत होती. "तीन," मी ओरडले. तिने आकडा वाचला, मोठ्याने, मी लिहून घेतला, आणि मग ती बसली. बसली म्हणजे खुर्चीत ओतली गेली. एका बाईने तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी घातलं. पाणी गरमच होतं. ती हसली तेव्हा. त्या चौदा दिवसांत एवढंच एकदा.

त्या दिवसाचा आकडा बेचाळीस पूर्णांक एक. वारा शून्य.

सात मे रोजी आकडे पोचले. सोळाला, गुरुवारी, बैठक झाली. तिला बोलावलं नव्हतं. नकाशावालीने शुक्रवारी सगळं सांगितलं. रेघ गेली आहे. वस्ती लाल, आणि मधला पट्टा शहरात सर्वांत लाल. वस्तीचं नाव सावलीच्या यादीत परत आलं, पहिल्या पाचांत. इमारतीचं मात्र काही ठरलं नाही. वर्षभर मोजणी होईपर्यंत थांबा, असं कोणीतरी म्हणालं आणि कोणीतरी हो म्हणालं. थांबतील की नाही, देव जाणे. मी तिला विचारलं, "मांडव कधी घालणार?" "पुढच्या उन्हाळ्याआधी, असं लिहिलंय." या उन्हाळ्याचे अजून चार आठवडे राहिलेत.

त्याच दिवशी तिच्या हातात एक पत्र ठेवलं गेलं. ती ते पर्समध्ये घालून घरी घेऊन आली आणि चहा होईपर्यंत काढलं नाही. मग माझ्यापुढे सरकवलं. तिच्या सेवापुस्तकात शेरा मारला आहे, त्याची प्रत. "निरीक्षणांत निष्काळजीपणा. त्यामुळे कामास विलंब." चौतीस वर्षांत पहिलाच शेरा.

मी दोनदा वाचलं. म्हटलं, "स्वतः जाऊन सांगितलं, हे कुठे लिहिलंय?"

"त्याला रकाना नसतो."

"अर्ज कर. मी लिहून देते, अक्षर माझंही चांगलं आहे."

"वहिनी, ते खरं आहे. झाला निष्काळजीपणा. विलंबही झाला." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "वाईट वाटतंय, नाही असं नाही. त्या नऊ दिवसवाल्याला मी पत्र लिहिलं होतं, तेव्हा त्याचे गुडघे कसे होते, मी विचारलं नव्हतं."

मग तिने वही माझ्यापुढे ओढली. "लिही."

"काय लिहू?"

"शेरा. आहे तसा. एकही शब्द गाळू नकोस."

मी लिहिलं. ती वरून बघत होती, मी 'विलंब' लिहीपर्यंत. नंतर पंख्याखाली जाऊन पडली आणि पाचच मिनिटांत तिचा डोळा लागला. आठ वाजता जेवायला उठवलं तर अर्धी पोळी खाऊन पुन्हा झोपली. त्या दिवसाच्या, शुक्रवार, १७ मेच्या, नोंदीत शेऱ्याखाली एवढंच आहे :

संध्याकाळी गॅस संपला. दुसरी टाकी जोडली. नळी जुनी झाली आहे, सोमवारी बदलून घ्यायची.